दारूचं माप

ऑर्विलने काचेच्या कपाटावर तीन मापं ठेवली,
जशा बाबा नथी मांडायचे गिऱ्हाइकापुढे,
आणि हात पाठीशी बांधून गप्प उभा राहिला.
बाहेर कॅलिस्पेलचा मेन स्ट्रीट,
पिकअप गाड्यांच्या टपांवर बोटभर बर्फ,
त्यातल्या एकीत हाल्वर, इंजिन चालू ठेवून.
तो आत आला नाही.
आत आला की ऑर्विल हात पुढे करतो.

नेमका आईचा फोन. कुठेयस?
दारूचं माप घ्यायला आलेय, म्हटलं.
चाळीसगावात बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग हळूच : जावईबापू... रोज का गं?
बंदुकीची, आई. बंदुकीची दारू.
असं होय, म्हणाली, सुटल्यासारखी.

पहिलं माप ओतीव लोखंडाचं, कुणीतरी वापरलेलं,
हिरवा रंग कोपऱ्यांवर उडालेला.
मूठ वर, मूठ खाली,
पोटातली वाटी भरते नि पालथी होते.
वजन त्याला कळत नाही, नुसती जागा कळते.
हात सारखा पडला तर सारखं देतं,
हात दचकला तर दाणे दाटून बसतात
आणि ते तुम्हाला सांगत नाही.
लांब दाण्याची दारू असली,
पेन्सिलीचं शिसं चिरून ठेवावं तशी,
तर एखादा दाणा कचकन कापला जातो मध्येच.
तेवढं मात्र मुठीला जाणवतं.

दुसरं महाग. त्यावरचे आकडे इतके बारीक
की मी चष्मा काढून पाहिले, आणि तरीही नाही दिसले.

तिसरं विजेचं.
आकडा सांगा, बटण दाबा,
एक नळी थरथरत थरथरत दाणा दाणा सोडते
आणि पुरेसं झालं की टुंग वाजवते.
"हाल्वरला हे बरं," ऑर्विल कपाटाकडे बघत म्हणाला.
म्हणजे गावाला कळलं होतं.

मी त्या नळीकडे बघत राहिले.
तिची थरथर कामाची होती.

"लोखंडाचं दे," म्हटलं. "आणि रंग उडालाय, पैसे कमी कर."
दहा डॉलर सोडले त्याने. सोनाराच्या मुलीला दहाच.

घरी तळघरात हाल्वर मापाकडे बघून म्हणाला,
"हे माझ्याच्याने होणार नाही आता."
तुला कोण सांगतंय करायला, म्हटलं.
हवा इतकी कोरडी की दाणे प्लॅस्टिकला चिकटून बसलेले,
ते ड्रायरमधल्या सुगंधी कापडाने पुसले.
पहिली दहा मापं धरायची नाहीत, तो म्हणाला,
दारू बसायला वेळ लागतो, परत ओत.
मी ओतली.

तो त्याच्या वडिलांच्या तराजूसमोर बसला,
दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून.
डोळे अजून पक्के आहेत त्याचे,
ग्रेनचा दहावा भाग दांडीवर ओळखतो.
ग्रेन म्हणजे आमची अर्धी गुंज, मी एकदा म्हटलं होतं.
त्याने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय ते, ओळ खाली घसरत गेलेली.
गुंजा टाकताना बाबा म्हणायचे,
बोलू नकोस, तुझ्या श्वासानं सोनं वाढतं.
आम्ही दोघं बोलत नाही.

फक्त मोजताना एक म्हणायचं नाही, हे मी त्याला शिकवलं.
आई जोंधळा मापताना म्हणायची तसं :
लाभ, दोन, तीन.

अकरावं माप.
"लाब," हाल्वर म्हणतो. भ त्याला जमत नाही.
मी मूठ उचलते, खाली आणते, एक ठोका.
पारड्यात ओतते.
दांडी हलते. हलते. अजून हलते.
तो तिला घाई करत नाही.
"कमी," म्हणतो. "परत."