चूक झाली तर पुढची ओळ

हमरियाच्या यार्डात, पत्र्याच्या केबिनमध्ये
जुन्या प्लॅटफॉर्मची सहाशे बारा ड्रॉइंगं माझ्या नावावर आली.
प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत
रिव्हिजन ‘बी’ आहे, ती ‘सी’ करायची. आणि तारीख.
उघडा, बदला, जतन करा, मिटा.
शमसुद्दीनभाई म्हणाले, एकाला चार मिनिटं,
रोज दोन तास ओव्हरटाइम धरला तर
दोघांना दहा रात्री.
बोटांच्या पेरांवर हिशोब झाला
आणि खेडच्या न्हाणीघराला तिथल्या तिथे फरशीही बसली.

मी म्हटलं, मॅक्रो लिहितो.
ते काही बोलले नाहीत.
चहात धरलेलं बिस्किट
बुडूनच गेलं.

पण मॅक्रो लिहायला आधी जागा लागते.
सॉफ्टवेअरबरोबर ती येत नाही, वेगळी मागवावी लागते.
वर्ष चुकलं तर घेत नाही,
चौसष्ट बिटांना बत्तीसचं चालत नाही;
किल्ली त्याच कंपनीची, कपाट दुसरं.
पासवर्ड कुरियनकडे.
दोन दिवस त्याच्या दारात उभा राहिलो,
तिसऱ्या दिवशी मला तोंड फिरवायला लावून
त्याने स्वतःच टाइप केला.
मग एक पाटी: या फाइलमध्ये मॅक्रो आहेत,
त्यांतून धोका असू शकतो. चालू करायचे?
विमानतळावरच्या खिडकीतल्या पोरानेही
माझ्याकडे असंच बघितलं होतं, आणि शिक्का मारला होता.
मीही मारला.

पहिली ओळ: आत येणाऱ्या प्रत्येकाने आधी नाव सांगावं,
न सांगता आला तर काम बंद.
खुर्ची सरकवून शमसुद्दीनभाई बघत होते.
म्हणाले, हे इथलंच दिसतंय.
मग ‘डिम’, म्हणजे मंद नव्हे, म्हणजे जागा धर.
मग ‘प्रत्येकासाठी’.
आणि मग, ऑगस्ट होता, घाई होती,
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं,
मी ती ओळ टाकली
जी टाकू नये असं सगळे म्हणतात आणि सगळे टाकतात:
चूक झाली तर पुढच्या ओळीवर जा.
त्यांना अर्थ सांगितला.
हसले. म्हणाले, एकतीस वर्षं
मला वाटत होतं, ही माझीच ओळ.

एफ-फाइव्ह.
ड्रॉइंगं उघडत मिटत गेली,
कोळणीने टोपलीतले बांगडे उलटून दाखवावेत तशी.
एकोणीस मिनिटं. मग छोटी चौकट:
‘झालं. ६१२.’
(तिला देवनागरी कळत नाही, नुसती प्रश्नचिन्हं दाखवते,
म्हणून ‘झालं’ इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं.)
टाइमशीटवर आता काय भरायचं
ते मी विचारलं नाही. त्यांनीही नाही.

त्या संध्याकाळपासून ते बसू लागले.
कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देणार नव्हतं.
एकेक उघडायचे, कोपऱ्यात बघायचे, मिटायचे.
तिसऱ्या रात्री म्हणाले, सहाशे नऊ.
तिघांवर अजून ‘बी’ आहे.

त्या तिघांत चौकटच नव्हती.
सुट्या रेघा, सुटी अक्षरं. कोणीतरी फोडलेली.
मॅक्रोला काही सापडलं नाही
आणि तो, मीच सांगितलं होतं तसा,
पुढच्या ओळीवर गेला होता, मोजतही गेला होता.
कोणी फोडली ही?
मी, म्हणाले. दोन हजार नऊमध्ये.
घरून फोन आला त्या रात्री.
नंतर चौकट काही जुळेना,
म्हणून फोडली आणि एकेक अक्षर हाताने बसवलं.
कसला फोन, ते मी विचारलं नाही.
सकाळी ड्रॉइंगं वेळेवर गेली होती, एवढं ते आपणहून म्हणाले.

मी ती ओळ काढून टाकली.
आता अडलं की मॅक्रो थांबतो,
अडली ती ओळ पिवळी करतो
आणि वाट बघत बसतो.

तिन्ही ड्रॉइंगं त्यांनी हाताने सुधारली.
बारा मिनिटं लागली. टाइमशीटवर मी दोघांच्या नावे
दहा-दहा रात्री लिहिल्या.
फरशी पांढरी की मोरपंखी
ते मात्र अजून ठरत नाही.