ओला फुगा, कोरडा फुगा

एकतीस वर्षं मी वेधशाळेत दोन तापमापक वाचले.
एक उघडा, एकाच्या फुग्याला मलमलची ओली चिंधी.
दोघांमधलं अंतर म्हणजे हवेची तहान.
एप्रिलात दुपारी अडीचला ते अठरा अंशांवर जायचं,
मी शाईने आकडा लिहायचे, खाली रेघ ओढायचे.
त्या आकड्याशी माझं भांडण नव्हतं.

भांडण सुरू झालं कुडाळहून आमरी आली तेव्हा.
दमयंतीवहिनीने वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, म्हणाली,
कोळसा घाल, विटेचे तुकडे घाल, माती मुळीच नको,
आमच्याकडे नुसती फणसाला बांधली तरी जगते.
वहिनी, तुमच्याकडे हवाच पाणी पाजते हो.
इथे सिंहगड रोडला, चौथ्या मजल्यावर,
टॉवेल वीस मिनिटांत पापड होतो.

कोळशा-विटेत तिने फाल्गुन काढला.
चैत्रात कंद सुरकुतले, फ्रीजमागे पडलेल्या भेंडीसारखे.
घाबरून मी दुसऱ्या टोकाला गेले:
नर्सरीतून परदेशी शेवाळ, पुडकं पावणेपाचशेचं,
कुंडी गच्च भरली.
वैशाखभर ती खूश. मीही.
श्रावणात आठ दिवस ऊन नव्हतं, तेव्हा वास आला,
ओट्यावरच्या जुन्या फडक्याचा.
मूळ ओढलं तर साल चिमटीत निघून आली
आणि आत राहिली सुताएवढी शीर.

बराच वेळ ती शीर बघत बसले.
म्हणजे तीही चिंधीच होती, पांढरी, पाणी धरणारी.
ऑफिसात नियम एकच होता: चिंधी वाळू द्यायची नाही.
इथे ती वाळली पाहिजे.
किती तासांनी, ते मात्र कुठल्याच तक्त्यात नाही.

मग नारळवाल्या बसप्पाकडे सोडणं मागितली.
बंबाला का, बाई?
म्हटलं, फुलाला.
त्याने पैसे घेतले नाहीत. कीव आली असावी.
नखाएवढे तुकडे केले, बादलीत भिजवले,
पहिल्या दिवशी पाणी कोऱ्या चहासारखं,
दुसऱ्या दिवशी तसंच, जरा पातळ,
चौथ्या दिवशी तळ दिसला.
कोळसा इस्त्रीवाल्या रामसजीवनने निवडून दिला, ठणठणीत, राख झटकून.
वीट समोरच्या रविकिरण सोसायटीची.
ती पाडत होते. मुकादमाने पाहिलं आणि पाहिलं नाही.
तिसऱ्या मजल्यावरच्या पेठेबाईंच्या न्हाणीची असेल,
किंवा नुसती जिन्याची.
सोडण चार वाट्या, कोळसा दोन, वीट एक,
आणि शेवाळ हिंगाइतकंच, वरून.

आता रोज सकाळी सातला कुंडी वजनकाट्यावर ठेवते,
संध्याकाळी सातला पुन्हा.
नऊशे बारा. आठशे छत्तीस.
रजिस्टर नवं आहे, रेघ ओढायची सवय जुनी.
आठशेच्या खाली गेली की पाणी,
नाहीतर कितीही हात शिवशिवला तरी नाही.
मुलगी फोनवर म्हणते, आई, रिटायर हो ना गं.

तीन महिने हे चाललं.
परवा वजन काही केल्या पटेना,
कुंडी उचलायला गेले तर उचलेचना.
वाकून बघितलं:
एक मूळ कुंडीच्या काठावरून बाहेर पडलंय,
माझ्या चार वाट्या, दोन वाट्या ओलांडून,
हवेत वीतभर चालत गेलंय
आणि खिडकीच्या ग्रिलला चिकटलंय,
गंजावर, चपटं होऊन,
टोक हिरवंगार.

ओढलं तर साल निघेल.
तेव्हा कुंडी आता तिथेच. वजन बंद.
त्या मुळापुरता सकाळी फवारा मारते,
गंजाचा ओघळ भिंतीवर उतरतो, उतरू दे.

रविवारी आमच्याही सोसायटीची मीटिंग आहे.
बिल्डरचा माणूस नकाशे घेऊन येणार.
खिडक्या मोठ्या मिळतील म्हणे,
बिनग्रिलच्या.