एकोणपन्नास

डेटन, ओहायो. नोव्हेंबर.
बर्फाच्या आधीच पार्किंगमध्ये मीठ टाकून ठेवलंय
आणि मी कुणा अनोळखी माणसाची दाढ घडवतेय.
वरची, डावीकडची. शेड ए-थ्री,
म्हणजे चहा पिणाऱ्याचा पांढरा.

डेनीसने आधी दार लोटलं, मग बोलली.
बारा आठवड्यांचा कायदा आहे, बिनपगारी का होईना,
पण तो पन्नास माणसांपासून पुढे.
आपण एकोणपन्नास.
सहा आठवडे बघू, डॉक्टरची चिठ्ठी आण,
जागा ठेवू, शक्य झालं तर.
सुट्टे नाहीत म्हणून सांगणाऱ्या दुकानदारासारखी
ती माझ्याकडे न बघता गल्ल्याकडे बघत होती,
आणि गल्ला तिथे नव्हताच.

बाकावर परत आले आणि मोजायला लागले.
मेणाच्या टेबलाशी नऊ, भट्टीपाशी सहा,
गाडीवर दोन, पॅकिंगला मार्लीन आणि तिचा खोकला.
मालक धरायचा की नाही, विचारायचं राहिलं.
उन्हाळ्यात बावन्न होतो.
अर्ल रिटायर झाला, केक कापला,
त्याची खुर्ची भरली नाही.
आणखी दोन खुर्च्यांना केकही मिळाला नाही.

आणि तू?
तुझं कार्ड नाही, पण सकाळी सातला हजेरी असते.
जेवणाच्या सुट्टीत लाथ. ओव्हरटाइमला उचकी.
सोनोग्राफीवाली म्हणाली, हिरड्यांच्या आत
दुधाच्या दातांचे कोंब आत्ताच आहेत, वीसच्या वीस.
मी महिन्याला तीनशे दात करते.
कोंब कुणाचाच पाहिला नव्हता.

खुर्ची मात्र मिळाली. पाठीची, खिडकीजवळ,
ॲक्रिलिकच्या वासापासून लांब.
त्या कायद्याला पंधराच माणसं पुरतात.
म्हणजे बसण्यापुरते आम्ही पुष्कळ आहोत,
निजण्यापुरते एकाने कमी.

आईला सांगितलं तर म्हणाली, अगं, अमेरिकेत?
ती कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती.
नव्वद दिवस, भरपगारी, एका चिठोऱ्यावर अर्ज.
शेगडी, ओवा, बाळंतशेपा,
सव्वा महिना मला उंबरा ओलांडू दिला नाही, म्हणाली.
मी विचारलं, आणि भांडीवाली शेवंता?
फोनवर नुसती खरखर.
मग आई म्हणाली, तुझ्या बारशाला आली होती ती घासायला.
तिचं पंधरा दिवसांचं होतं, मागच्या ओट्यावर टोपलीत.
पुन्हा खरखर.
तेव्हा कुणाला सुचलंच नाही गं.

मी हे डेनीसला सांगितलं नाही.
कुणाच्या पटावर किती माणसं होती, ते आमचं घरचं.

मार्लीनला मात्र कसं कळलं कोण जाणे.
पॅकिंगच्या खोक्यावर बसून ती सांगत होती,
चौऱ्याऐंशी साल, दुसरी कंपनी, हाच रस्ता.
नवव्या दिवशी कामावर.
दुधाने शर्ट भिजला तर फोरमनने
बोटाने संडास दाखवला.
त्या मुलाला आता स्वतःची मुलं आहेत, तो फोन करत नाही.
एवढं सांगून तिने एप्रनला हात पुसले
आणि तडक डेनीसच्या दारात.

माझे अकरा दिवस आहेत रजेचे. तिला लाव.
असा काही फॉर्म नाही, मार्लीन.
मग बनव.

दार या वेळी उघडंच होतं.
भट्टीपाशी कुणीतरी रेडिओ बारीक केला.
गाडीवाला, ज्याचं नावही मला नीट येत नाही,
म्हणाला, माझे तीन लिही.

फॉर्म अजून आलेला नाही. मंगळवार उलटला.
मी दाढ साच्यात बसवते,
मध्ये निळा कागद ठेवून वरचा जबडा खाली आणते,
हलकेच मिटवते, उघडते.
जिथे जास्त लागतं तिथे डाग पडतो.
तेवढंच घासायचं.