खाल्ल्या मिठाला

चाळीस वर्षं मी त्या इमारतीला कुंपण घालत आले.
आधी गुट्ट्याची रेघ, मग आत रंग.
रेघ कुठे तुटली नाही ना, म्हणून
चौकट खिडकीशी उभी धरायची,
एक डोळा मिटून तपासायची.
सुईच्या टोकाएवढी फट राहिली
तरी निळा बाहेर पळतो,
शाळा सुटल्यासारखा.

म्हणून माझ्या सगळ्या रेशमी रुमालांवर
आमचं चिखलस्नानगृह शहाण्यासारखं बसलेलं:
हिरवा मनोरा, सोळा खिडक्या,
मागे समुद्राची सरळ पट्टी.
उन्हाळ्यात फिनलंडचे प्रवासी बोटीतून उतरत,
दोन-दोन घेऊन जात.
खरी इमारत त्यांच्याबरोबर एकदाही गेली नाही.

खरी इमारत लाकडी, उत्तरेकडून खंगलेली.
बाल्टिकचा वारा मीठ आणतो, फळ्यांवर बसवतो.
शंभरावर हिवाळे तिने ते मुकाट खाल्लं.
नगरपालिका दर वसंतात एक माणूस पाठवते.
तो फळीत खिळा टोचून बघतो,
वहीत काहीतरी लिहितो,
आणि बसची वेळ झाली म्हणून जातो.

आई तिथे कामाला होती. साल्मे, पहिली पाळी.
खाडीतला काळा चिखल तापवायचा,
बादल्यांनी आत न्यायचा,
परक्यांच्या गुडघ्यांवर थापायचा.
जानेवारीतही तिचे हात कोपरापर्यंत ऊन असत.
शाळेतून येऊन मी मागच्या दाराशी थांबायची
फक्त त्या हातांसाठी.

आता एकाहत्तराव्या वर्षी मला शिकवायला काउर आलाय,
सव्वीस वर्षांचा, एका कानात तीन कड्या.
म्हणतो, हेल्वे, रेघ सोडा.
ओल्या रेशमावर रंग ओता, वर जाडं मीठ टाका
आणि हात मागे घ्या.

हात मागे घेणंच जमेना.
पहिली दोन कापडं मी पुसून पुसून वाया घालवली.
तिसऱ्या वेळी त्यानं मला चहा करायला पाठवलं.

परत आले तर एकेक खडा रंग पीत होता,
स्वतःभोवती फिकट रान पसरत.
चहा निवेपर्यंत उत्तरेची भिंत आली.
तेच पोपडे, तेच चट्टे,
जे मी आयुष्यभर गुळगुळीत करत होते,
दाढी करून दिल्यासारखे.
खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात
ते हेच की काय.

मग त्यानं पिचकारीनं स्पिरिट मारलं,
छपरावर शेवाळाचे डाग उठले.
मनोरा जरा समुद्राकडे सरकला.
खिडक्या सोळाच्या साडेअकरा झाल्या.
मी दोनदा मोजल्या, मग मोजणं सोडून दिलं.
उद्या हे सगळं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून
वाफेच्या पातेल्यात ठेवायचं.
तिथून काय बाहेर येईल
ते काउरलाही नक्की सांगता येत नाही.
हे मला आवडलं, पण त्याला बोलले नाही.

एक हट्ट मात्र केला.
मागचं दार रेघेनंच काढलं,
माझ्या जुन्या नळीनं, कापऱ्या हातानं,
आणि उंबऱ्यापाशी बोटभर जागा
बंद केली नाही.
आत ओतला राखाडी, त्यात काळ्याचे दोन थेंब.
नखांत राहायचं ना तिच्या, रविवारीसुद्धा,
ते काळं.

रंग क्षणभर दारात थबकला,
डोक्याला रुमाल बांधत असावा तसा,
मग बाहेर पडला, पायऱ्या उतरला,
वाळूवरून पसरत
चौकटीच्या लाकडापर्यंत गेला.

काउर कापसाचा बोळा घेऊन धावला.
गळतंय, हेल्वे, दाबा तिथे!

मी त्याचं मनगट धरलं.
असू दे, म्हटलं,
पाच वाजले असतील.