शिक्का

बाहुबली मगदूम निंगबोहून आला
तेव्हा मी एका पतसंस्थेचा शिक्का कोरत होतो,
'रक्कम मिळाली', उलट्या अक्षरांत.
पापाच्या तिकटीजवळचं माझं दुकान एवढं अरुंद
की दुसरं गिऱ्हाईक आलं तर रस्त्यावरनं बोलतं.
बाहूनं एक कागद सरकवला.
लाल. लंबगोल.
"असाच एक पायजे."

शिरोलीत ह्याच्या बापाची फौंड्री, पंपाच्या बॉडी ओतणारी.
हा गेला तिकडं माल तपासायच्या नोकरीवर.
तीन वर्षांनी म्हणाला, दुसऱ्याचा माल किती दिवस ठोकून बघू,
आणि स्वतःची कंपनी काढली.
दोन खोल्या, सहा माणसं,
भाषांतराला एक पोरगी, आणि पार्टनर शेन,
ज्यानं ह्या जैनासाठी अख्खा बाजार पालथा घालून
कांदा-लसणाशिवाय रांधणारी बाई शोधली होती.

"तिथं सही म्हणजे नुसता गिरगटा रे.
शिक्का ज्याच्या खिशात, कंपनी त्याची."
शिक्का शेनच्या खिशात होता.
एका सोमवारी शेन आला नाही.
भाडं थांबलं, बँक थांबली,
बंदरावर चौदा टन ओतीव लोखंड थांबलं,
व्हिसाचे दिवस तेवढे थांबेनात.

मी भिंग डोळ्याला लावलं.
तीस वर्षं जग उलटं वाचतोय मी.
उर्दू येते, मोडी लागते, कानडी नुसती कोरता येते.
हे मात्र असलं की कुठनं धरावं कळेना.
"मधे तारा नाही," मी म्हणालो, उगाचच.
"तारा त्यांच्या त्यांना. बाहेरच्याला नसतो,"
बाहू म्हणाला, आणि तेव्हा कुठं स्टुलावर टेकला.

माझ्या मागं भिंतीवर पाटी आहे,
'पत्राशिवाय शिक्का करून मिळणार नाही'.
अब्बांच्या हातची. शिकलगारांच्या घरात
सुरीला धार लावताना सुद्धा विचारायचे, कशाला पायजे?
मी शटर अर्धं खाली ओढलं.

एक रेघ, एक फुंकर, एक रेघ.
पहिलं अक्षर म्हणजे छप्पर, खाली एक खुंटी.
"हे गावाचं नाव."
पुढं एक पाठीत वाकलेलं, पायाशी रेघ.
"हा मी. मगदूममधला मा."
"अर्थ काय?"
"घोडा."
आम्ही दोघं एवढं हसलो
की शटरखालून कुत्रं आत डोकावलं.
मग त्यानं डोळे पुसले, आणि ते पुसणं
हसण्यापेक्षा जरा जास्त वेळ चाललं.

पहाटे छापा घेतला, पेपराच्या कोऱ्या कडेवर.
हुबेहूब. इतका, की माझे हात गार पडले.
दुसरा छापा बाहूनं आपल्या तळहातावर मारला,
मूठ मिटली,
म्हणाला, चल, गंगावेशीत दूध पिऊ.
कट्ट्यावर म्हशी, फेसाळ पेले, थंडी.
काचेला लाल डाग लागला तसा दूधवाला म्हणाला,
"रंगपंचमी आत्ताच व्हय, पाव्हणं?"

शिक्का त्यानं नेला नाही.
विसरला की ठेवला, मी विचारलं नाही.
ड्रॉवरमध्ये आहे, मोडक्या रबरांच्या खाली,
पाठीत वाकलेला, उलटा.

आठ महिन्यांनी फोन आला.
नवी कंपनी, एकच खोली,
शिक्का गळ्यात, दोऱ्याला; अंघोळीला सुद्धा काढत नाही.
पोरं मंगळसूत्र म्हणून चिडवतात.
मी विचारलं, शेन?
"दिसला की. भाजी घेत होता."
"मग? काय म्हणाला?"
"जेवलास का, म्हणाला. इथं तसंच विचारतात,
आपल्यासारखं."
लाईनीत थोडी खरखर झाली.
"मी काय म्हणणार. जेवलो म्हणालो."