झाकण

बत्तीस वर्षं माझा उजवा हात एकच काम करतोय:
समोरचा वाडगा रिकामा झाला रे झाला
की त्यात घासभर सोबा टाकायचा.
घास म्हणजे घासच. असे पंधरा वाडगे मिळून
माणसाचं एक साधं जेवण होतं.
वर आम्ही ओरडतो, हाय, जान-जान! हाय, दोन-दोन!
आणि जेवणारा हसतो, गिळतो, पुन्हा हसतो.

थांबायचं तर वाडग्यावर झाकण ठेवायचं.
पण आधी तळातली शेवटची शेवई संपवायची,
आणि तीही माझा हात पोचायच्या आत.
हात चपळ नसेल तर मोरिओकात
वाढायला कुणी उभं करत नाही.
बोटभर फट उरली तरी मी तिच्यातून घास सारलाय,
नवरदेवांना, बँकेच्या साहेबांना,
एकदा रडकुंडीला आलेल्या एका पहिलवानाला.
तोंडाने म्हटलेलं पुरे आमच्याकडे
पुरे धरत नाहीत.

ओइकावा र्‍योहेइ पहिल्यांदा आला तेव्हा एकवीस वर्षांचा.
हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढायचं यंत्र चालवायचा.
चारशे बारा वाडगे.
चळती खांद्यांच्या वर गेल्या,
त्यांच्या आडून नुसते कानांचे शेंडे दिसत होते, लाल.
शंभराला आम्ही एक लाकडी पट्टी देतो.
त्याला चार दिल्या; मालक म्हणाले, बारा वाडगे उधार.
मग ओसाका, मग टीव्ही, मग परदेश:
अंडी, सॉसेज, कलिंगडं, सगळं घड्याळ लावून.
सरावाला म्हणे तो आधी नुसतं पाणी प्यायचा,
मग उकडलेला कोबी, किलोवर किलो,
रोज थोडं अधिक,
नवा बूट पायात सैल करावा तसं.
लोक आकडा विचारायचे.
मीसुद्धा आकडाच विचारला होता.

आज तो आला. मंगळवार, दुपारचे तीन.
कोपऱ्यात मासळीवाला पावत्या जुळवत बसलेला, बाकी कुणी नाही.
चेहरा उतरलेला, कोटाच्या बाह्या लांब झालेल्या.
म्हणाला, फुसाए-सान, पोट आता काही सांगत नाही.
भूक लागली तेही नाही, भरलं तेही नाही.
बायको काट्यावर तोलून भात वाढते.
संपला की मी वाडग्यात बघत बसतो,
जेवलो का, हे वाडग्यालाच विचारावं लागतं.
पट्ट्यांचं काय केलंस, मी विचारलं.
एक दाराखाली पाचर म्हणून लावलीय, म्हणाला. बाकी आहेत कुठंतरी.
मग जरा थांबून,
तुमच्याकडे झाकण असतं. म्हणून आलो.

मी एप्रन बांधला. ओरडले नाही.
एक. दोन. चार.
कांद्याच्या पातीला, किसलेल्या मुळ्याला त्याने हात लावला नाही.
सातव्याला डोळे मिटले
आणि बंद घरात फोन वाजतोय का
हे रस्त्यावर उभं राहून ऐकावं, तसा ऐकत राहिला.
नवव्याला म्हणाला, आहे. काहीतरी आहे.
मग म्हणाला, नाही. ढेकर होता.
आम्ही हसलो. मासळीवालाही हसला.

अकरा. बारा.
तेराव्याला त्याचा डावा हात झाकणाकडे गेला.
आतून काही आलं होतं, की नुसता दमला होता,
की म्हातारीला किती उभं करायचं म्हणून,
मला सांगता येणार नाही.
आणि माझा मेला हात
सवयीने केव्हाच निघालेला,
काठाशी पोचलेला.
फट होती. चांगली दोन बोटं.

सोबा माझ्या मनगटावर सांडला,
रस कोपरापर्यंत ओघळला.
लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज झाला,
दुकानात इतक्या वर्षांत मी तो
नीट ऐकलाच नव्हता.

किती झाले? त्याने झाकणावरचा हात न काढता विचारलं.
मोजले नाहीत, मी म्हटलं.

तेरा, मासळीवाला म्हणाला,
मान वर न करता.