चार अंश

रविनगरच्या वैरागडे बाईंचा फ्रिज
ऑक्टोबरात बंद पडला, भर दुपारी.
दूध नासलं म्हणाल्या नाहीत,
भाजीचं नाव काढलं नाही.
फोनवर एवढंच : हिवाळा मोडतोय, लवकर या.

मला वाटलं, ऊन लागलं बाईंना.

गेलो तर सोफ्यावर बसलेल्या,
मांडीवर श्रीखंडाचा रिकामा डबा,
भोवती ओला टॉवेल, टॉवेलात
शेजारून मागून आणलेला बर्फ.
आत वाळू. कन्हानची, तीनदा चाळलेली.
आणि वाळूत म्हणे बिया,
मोहरीहून बारीक,
भाचीनं लाहौलहून पाठवलेल्या.
चाळीस दिवस थंडी सोसली तर उघडतात,
नाहीतर नाही.
आज एकतिसावा.

पंचवीस वर्षं मी गॅस भरतोय.
लोकांचं आइस्क्रीम वाचवलं, इन्सुलिन वाचवलं,
एका सावजीवाल्याचं वीस किलो मटण.
हिवाळा पहिल्यांदाच.

रिले गेला होता. नवा टाकला.
कॉम्प्रेसरनं आवाज धरला तशा बाई
डबा घेऊन उठल्या.
"चारवर ठेवा. चार अंश. शून्य नको, गोठतील."
मी म्हटलं, "नागपुरात कायले हे, बाई?
मे महिन्यात सत्तेचाळीसवर जाते जी."
"मेचं मेमध्ये पाहू," म्हणाल्या.
तीनशे दिले. पावती मागितली नाही.

मग विसरलो. लग्नसराई, डीप फ्रीजरची कामं.

फेब्रुवारीत पुन्हा फोन.
रिले घेतला, गॅसची टाकी घेतली,
प्रज्वलला मागे बसवलं.
"फ्रिज बरा आहे," दारातच म्हणाल्या.
"गच्चीवर चला."

उत्तरेची भिंत. हिरवी जाळी.
मडक्यात मडकं, मधल्या फटीत ओली वाळू,
आणि आतल्या मडक्यात
रस्त्याची काळी गिट्टी रचलेली,
कपारी राखून, उतार राखून.
मला काही दिसेना.
"खाली बसा."
बसलो. तरी नाही.
"आणखी."
हात टेकले, गाल गिट्टीला लागला,
तेव्हा —
पांढरं.
टिकल्यांच्या पाकिटात
सगळ्यात शेवटच्या ओळीत असते,
कोणी लावत नाही, तेवढं.
पाच पाकळ्या, मधे पिवळा ठिपका.
मुळाशी बर्फाचा खडा विरघळत होता.

प्रज्वल म्हणाला, "बस? एवढंच?"
"अकरा आहेत. मोज."
त्याला नऊच सापडली.
मग त्यानं चपला काढून बाजूला ठेवल्या
आणि पहिल्यापासून सुरू केलं.

दुकानात वही असते :
गिऱ्हाईक, तक्रार, काम, पैसे.
गिऱ्हाईक लिहिलं.
पुढचे तीन रकाने तसेच राहिले.

मार्चअखेरीस सगळी करपली.
मीच फोन करून विचारलं.
"बी धरलं चिमूटभर," म्हणाल्या,
"डब्यात आहे."

आता पोळा झाला की
न बोलावता जातो, थर्मामीटर घेऊन.
दह्याच्या भांड्यामागे ठेवतो, दार लावतो,
बाई चहा टाकतात तोवर थांबतो.
उघडून बघतो.

चार.